मामांचा पाय, गाडीचा ब्रेक

आदिलाबादला बघण्यासारखं काय आहे, असं पुण्यात मला बऱ्याच जणांनी विचारलं होतं. धबधबा आहे, असं मी सांगत असे, कारण तेवढंच मला ठाऊक होतं. परत आले तेव्हा धबधबा पाहायचा राहूनच गेला होता. त्याऐवजी मी एका जुन्या पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून वांकिडी ते इचोडा आणि परत असा प्रवास केला, आणि त्यातला बराचसा वेळ एका माणसाच्या उजव्या पायाकडे बघण्यात घालवला. ते का, हे आधी सांगायला हवं.

वांकिडी

तो पाय नामदेवमामांचा. आईचे हे चुलतभाऊ वांकिडीजवळच्या एका खेड्यात भाजीपाला पिकवतात. कागदावर हा भाग आता वेगळ्या जिल्ह्यात गेला आहे, पण जुनी माणसं अजून स्वतःला आदिलाबादचीच म्हणवतात. चंद्रपूरहून बसने निघालं की राज्य कधी बदललं ते शेतांवरून कळत नाही. तोच कापूस, तीच ज्वारी, तीच काळी माती. कळतं ते पाट्यांवरून. मला त्या वाचता येईनात तेव्हा आपण पोचलो हे समजलं.

मामा मला घ्यायला पिकअप घेऊन आले नाहीत, त्यांचा मुलगा प्रशांतदादा मोटरसायकलवर आला. घरी मामींनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. भाजीवर लसणाची फोडणी वरून, जेवताना, चरचरीत ओतायची, हे मला नवीन होतं. आमच्याकडे फोडणी आधी होते आणि ती कोणी पाहत नाही. मामा शेजारी बसून माझ्या ताटावर लक्ष ठेवून होते, पण नजर मिळाली की लगेच दुसरीकडे पाहायचे. माझंही तसंच असल्यामुळे आमचं जमणार असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दादाने मला विहिरीकडे नेऊन खरी गोष्ट सांगितली. आठवड्यापूर्वी मामा भरलेली गाडी घेऊन उतारावरून घराकडे येत होते, ती फाटकाशी थांबलीच नाही. शेजाऱ्यांचं कुंपण मोडून त्यांच्या काशीफळाच्या वेलात जाऊन उभी राहिली. कोणाला लागलं नाही. पण त्या वेलापाशी एरवी शेजाऱ्यांची नात खेळत असते.

दादाने नंतर स्वतः गाडी गावातून फिरवून पाहिली होती. ब्रेकचं तेल पाहिलं, डबी काठोकाठ भरलेली. गाडी थांबत होती. म्हणजे राहिला मामांचा पाय. त्यांचा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. दादाने गाडीला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. रविवारी माणूस येणार होता.

"बाबा तं कबूल करणार नाईत," दादा म्हणाला. "उद्या ते माल घेऊन उटनूरले अन् इचोड्याले जाऊन राह्यले. मले दुकान सोडता येत नाई. तू सोबत जाय. फिरणंही होईन तुयं. फक्त पाह्य, पाय वेळेवर पडते का नाई. अन् मले खरं सांग."

पाहुण्या मुलीला असलं काम सांगतात का, असं मनात आलं. पण नाही म्हणायला जे लागतं ते माझ्याकडे कधीच नसतं. मी मान हलवली.

उटनूर

वांगी, दोडकी आणि भेंडीचे क्रेट पहाटेच भरून झाले होते. मामींनी पुढच्या काचेवर पाण्याचा हात फिरवला, मला हिरव्या मिरचीचा ठेचा एका डबीत दिला, आणि गाडीपासून लांब जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं माहीत होतं.

आसिफाबाद मागे पडलं, केरामेरी आली आणि घाट सुरू झाला. घाट म्हटलं की मला सह्याद्रीचे काळे कडे आठवतात. हा घाट तसा नाही. इथे डोंगर अंगावर येत नाहीत, रस्त्याला आपल्यात घेतात. दोन्ही बाजूंनी साग, त्याची पानं या दिवसांत सुपाएवढी झालेली, आणि पाऊस थांबला तरी झाडांमधून थेंबांचा आवाज चालूच. वळणावर दरी उघडली की खाली ज्वारीचे तुकडे दिसतात, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. मामा चढावर गाडी फार सुरेख चालवत होते. इंजिनाचा आवाज बदलायच्या आधी त्यांचा हात गिअरवर गेलेला असायचा. पुण्यात मी रोज कॅबमध्ये बसते, पण ड्रायव्हर रस्त्याशी बोलतोय असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी त्यांच्या पायाकडे बघत होते. चढावर ब्रेकचं काम नव्हतं.

जैनूरच्या पुढे एक लांब उतार लागतो. तिथे मला कुठूनतरी पुऱ्या तळल्याचा वास आला. आजूबाजूला घर नव्हतं, सागाशिवाय काहीच नव्हतं. भूक लागली असेल, असं स्वतःला सांगून मी गप्प बसले. तेवढ्यात वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मामांचा पाय लगेच ब्रेकवर गेला, मी पाहिलं. गाडी हळू झाली खरी, पण थांबताना डावीकडे ओढली गेली आणि शेवटच्या शेळीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. कळपामागची म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली. मामांनी गोंडीतच उत्तर दिलं. मग ती हसली आणि गाडीच्या बॉनेटवर थाप मारून गेली.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणे, म्हातारा बैल उतारावर जुंपू नये." मामा गिअर टाकत म्हणाले, "गाडीले म्हणाली का मले, ते नाई विचारलं मी."

उटनूरचा बाजार हा मी पाहिलेला सर्वांत शांत बाजार होता. भाजीवाल्या ओरडत नाहीत. मालाचे छोटे छोटे ढीग मांडायचे आणि मागे बसून राहायचं. ज्याला हवं तो येईल. बांबूचे कोवळे कोंब विकायला होते, इकडे त्यांना वास्ते म्हणतात. मामा तेलुगूत भाव करत, गोंडीत चौकशी करत, हिंदीत हमालाशी बोलत आणि माझ्याशी मराठीत. शाळेत तीन भाषांत नापास न होणं ही माझी मोठी कमाई होती. इथे कोणी भाषा मोजतच नव्हतं.

मुक्काम मामींच्या बहिणीकडे होता. जेवताना मामांनी भात नको म्हटला. ते हाताने गुडघा दाबत बसले होते. दाबायचे, पाय लांब करायचे, पुन्हा दाबायचे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मीन पाय दाबला होता ना, शेळ्यांपाशी? तू पाह्यलं असन."

मी हो म्हटलं.

"मलेही तसंच वाटते. पण त्या दिशी, फाटकाजवळही तसंच वाटलं होतं."

त्यांना ठाऊक होतं मला कशाला पाठवलंय. आणि आता त्यांनाही स्वतःच्या पायाची खात्री राहिली नव्हती. चढावर गाडी इतकी सुंदर चालवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायाला असं दाबून पाहावं, हे मला बघवेना.

इचोडा

इचोडा हे रस्त्याचं गाव आहे. हैदराबाद आणि नागपूरच्या मधला सगळा माल त्याच्या अंगावरून जातो. धाबे, टायरची दुकानं, पंक्चरवाले, मिरची भजी. इथली भजी अखंड जाड मिरचीची असते आणि तिच्या पोटात चिंचेचं काहीतरी आंबट भरलेलं असतं. आमच्याकडच्या बटाटेवड्याने लाजावं, असं माझं मत झालं. ते मी मनातच ठेवलं.

गावात शिरताना एका चहाच्या टपरीसमोर मामांना थांबायचं होतं. उटनूरहून निघताना गाडीत सरकी ढेपेची, म्हणजे गुरांच्या पेंडीची, पोती भरली होती, म्हणजे वजन होतं. रस्ता किंचित उताराचा. मामांनी ब्रेक दाबला. मी या वेळी डोळे पायावरच ठेवले होते, पायाखालचं पेडल खाली गेलेलं मला दिसलं. गाडी टपरी ओलांडून पुढे गेली आणि एका उभ्या ट्रकच्या मागे, वीतभर अंतर राखून थांबली. पुन्हा तोच पुऱ्यांचा वास. मामांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्यासमोर डॅशबोर्डवर ठेवली.

"प्रशांतले फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, येऊन घेऊन जाय गाडी. मी नाई चालवत आता."

मी फोन हातात घेतला आणि लावला नाही. लाजऱ्या माणसाचा एक फायदा असतो, त्याने उशीर केला तर कोणाला नवल वाटत नाही. टपरीवाल्याने सगळं पाहिलं होतं. त्याने समोरचं गॅरेज दाखवलं आणि म्हणाला, आधी अजीजभाईंच्या खळ्यावरून गाडी नेऊन आणा, मग कोणाला फोन करायचा तो करा.

मला वाटलं ही काहीतरी म्हण असेल. पण अजीजभाईंच्या गॅरेजशेजारी खरोखरच एक खळं होतं. मळणीसाठी करतात तशी दाबून, दाताळ्याने सारखी केलेली, वरून हलकं पाणी मारलेली मातीची लांब पट्टी. अजीजभाई धिप्पाड, मेंदीने लाल केलेल्या दाढीचे, आणि अखंड बोलणारे गृहस्थ. गाड्यांचं काम ते पांढरकवड्याला शिकले, म्हणून मराठी बोलतात. ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या कोणालाही ते आधी पाना लावू देत नाहीत. मालकानेच गाडी रिकामी करून त्या पट्टीवरून न्यायची आणि मध्ये जोरात ब्रेक दाबायचा.

मामा नको म्हणत होते. तुम्हीच चालवा, माझा पाय बरोबर नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"मंग तं तुमीच चालवा," अजीजभाई म्हणाले. "मले पायही पाहाचा हाय."

पोती उतरली. मामा गाडीत बसले. खळ्याच्या मध्यावर त्यांनी ब्रेक दाबला, गाडी तिरकी होऊन थांबली. अजीजभाई तिच्याकडे गेलेच नाहीत. ते मातीवर उकिडवे बसले आणि मला हाताने बोलावलं. डाव्या मागच्या चाकाची खूण लांब, गुळगुळीत होती, घसरगुंडीसारखी. चाक अडलं होतं आणि माती पुसत गेलं होतं. उजव्या चाकाची खूण म्हणजे टायरच्या नक्षीचे स्पष्ट ठसे, शेवटपर्यंत. ते चाक फिरतच राहिलं होतं.

"मामा, इकडे या," अजीजभाईंनी हाक मारली. "पाय कमजोर राह्यला असता तं दोन्ही चाकं फिरत राह्यली असती. तुमच्या पायानं हे डावं चाक जाम केलं. मंग उजवं काऊन नाई झालं? पाय तं एकच हाय ना तुमचा, का दोन चाकाले दोन पाय हायेत?"

मामांनी आधी एका खुणेकडे, मग दुसरीकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी डाव्या खुणेवर हात फिरवला. मला वाटतं या सगळ्या प्रवासात मी पाहिलेली सर्वांत सुंदर जागा ती मातीची पट्टी होती.

दोष उजव्या मागच्या चाकात होता, एवढं ठरलं. काय दोष, हे ठरायला दुपार झाली. अजीजभाईंनी दोन्ही चाकांवर बोटांनी पाणी शिंपडलं, तव्यावर शिंपडतात तसं. डाव्या ड्रमवर, म्हणजे चाकामागच्या लोखंडी डब्यावर, ते चर्र झालं, उजव्यावर नुसतं ओघळलं. म्हणजे उजवीकडचं चाक ब्रेकचं काम करतच नव्हतं, सगळा भार डावीकडे आणि पुढे. ब्रेकचं तेल ढकलणारा आतला सिलिंडर गळतोय, असं त्यांनी जाहीर केलं, आणि चुकलो तर सगळ्यांना चहा पाजेन, असंही.

ड्रम निघता निघेना. आत ब्रेक शू नावाच्या दोन अर्धचंद्र पट्ट्या असतात. पेडल दाबलं की त्या फाकून ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. जुन्या ड्रमच्या कडेला झिजून काठ येतो आणि त्या पट्ट्या त्यात अडकतात. त्या सैल करायला मागच्या पत्र्याला वरच्या अंगाला एक छोटं भोक असतं, त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालायचा. भोकावर रबराचं बूच असायला हवं, ते नव्हतं. शेवटी हातोडीने गोल गोल ठोकत ड्रम निघाला. अजीजभाईंनी सिलिंडरचं रबर उचलून बघितलं. कोरडं.

"चहा," मामा म्हणाले. शेळ्यांच्या उतारानंतर त्यांनी केलेली ती पहिली थट्टा.

मग अजीजभाईंनी अॅक्सलच्या ऑइल सीलवर संशय घेतला. पण तिथून येतं ते तेल काळं असतं आणि त्याला घाण वास असतो. इथे शूच्या लायनरवर, म्हणजे घासणाऱ्या थरावर, काहीतरी चिकट, पिवळसर बसलं होतं. अजीजभाईंनी ते बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, पुन्हा चोळलं. असं तेल मी कधी पाहिलं नाही, असं ते म्हणाले, आणि हे वाक्य म्हणताना त्यांना किती जड गेलं ते दिसत होतं.

मला सांगावं की नाही कळेना. गॅरेजमध्ये सगळे पुरुष. शेवटी मी जमिनीकडे पाहत म्हणाले, "उतारावर पुऱ्यांचा वास येत होता. दोन वेळा."

सगळे माझ्याकडे वळले. अजीजभाईंनी पुन्हा बोट हुंगलं. "तूप हाय," ते म्हणाले. "घरचं तूप. अन् हे पिवळं…"

"हळद," मामा म्हणाले.

ते गाडीच्या पायरीवर बसले आणि हळू आवाजात, अडखळत त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या मानेला आणि खांद्याला कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानाने चोळायची, आणि बैलाला जेवायला बोलवायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मामांनी हे लहानपणापासून केलं. यंदा उन्हाळ्यात बैलजोडी दिली. शेती ट्रॅक्टरवर आणि माल पिकअपवर, बैल बसून खात होते. पोळा आला तेव्हा गोठ्यात बैलांची जागा रिकामी. आवतन द्यायचं कोणाला?

"ओझं तं आता हेच वाह्यते," त्यांनी गाडीवर हात ठेवला. "म्हटलं, खांद इचीच शेकाव."

पण पिकअपचा खांदा कुठे? मामांनी विचार केला होता. पुढच्या भागाला त्यांनी खांदा मानलं नाही, कारण भार मागे असतो. भार जिथे चाकावर टेकतो, अॅक्सलचं ते टोक म्हणजे खांदा. घरातले उठायच्या आत ते गाडीखाली गेले, आणि बैलाला कमी पडू नये तसं हात आखडता न घेता वाटीभर तूप त्यांनी त्या टोकावर ओतलं. अॅक्सलच्या टोकावरून ते पत्र्यावर ओघळलं आणि बूच नसलेल्या भोकातून आत गेलं.

"अन् डावीकडं काऊन नाई?" अजीजभाईंनी विचारलं.

"डाव्या बाजूनं भिंत होती. हात नाई पोचला."

अजीजभाई हसत सुटले. ते इतकं हसले की त्यांना टायरवर बसावं लागलं. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून की काय, मामाही हसले. मग अजीजभाईंनी डोळे पुसून सांगितलं की देव बाहेरून पुजायचा, ड्रमच्या आत राज्य अजीजभाईचं. तूप प्यालेला लायनर धुऊन सुधारत नाही. शू दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील, एकीकडे नवे आणि एकीकडे जुने असले की गाडी पुन्हा ओढणार. ते आदिलाबादहून येईपर्यंत संध्याकाळ होईल. तोपर्यंत आम्ही त्यांचे पाहुणे.

त्यांच्या घरी मी चिंचेची खट्टी दाळ आणि खड्या मसाल्याच्या फोडणीचा बगारा भात खाल्ला. त्यांच्या बायकोने मला एकही प्रश्न विचारला नाही, लग्नाचाही नाही. फक्त भात संपत आला की पळीभर पुढे यायची. ओळखपाळख नसलेल्या घरात मला इतकं निवांत याआधी वाटलं नव्हतं.

केरामेरीचा घाट

रात्री तिथेच राहून सकाळी परत निघालो तेव्हा गाडीत ढेपेची पोती होती आणि नवे शू. खळ्यावर पुन्हा एकदा ब्रेक दाबून झाला होता. या वेळी दोन खुणा शेजारी शेजारी, सारख्या लांबीच्या. अजीजभाईंनी भोकांना रबराची बुचं बसवली आणि सुरुवातीला ब्रेक हळूहळू, थोडे थोडे वापरा, नव्या शूला ड्रमची ओळख होऊ द्या, असं बजावलं.

उटनूर गेल्यावर मामा म्हणाले, "ईशाबाई, एक सांगू का? प्रशांतले तुपाचं नको सांगू. सिलिंडर गेला होता म्हण."

मी विचारलं, का. आता पायाचा प्रश्न मिटला होता.

"पायाचा मिटला," ते म्हणाले. "पण तूप ऐकलं का तो म्हणन, पाय बरा हाय पण डोकं गेलं बाबाचं. पायावर निदान औषध असते."

दादाला खरं सांगायचं मी कबूल केलं होतं. मामांची विनंतीही नाकारता येत नव्हती. तेवढ्यात घाट उतरायला सुरुवात झाली.

हा उतार मी विसरणार नाही. मामांनी वरूनच खालचा गिअर घातला. वळणाआधी पाय हलकाच पेडलवर जायचा, गाडी सरळ रेषेत मंद व्हायची, पाय सुटायचा. पुन्हा वळण, पुन्हा तेच. ओढ नाही, वास नाही. खाली दरीत धुकं होतं आणि त्यातून सागाचे शेंडे पांढऱ्या मोहोरासकट वर आले होते. मामा मला झाडं दाखवू लागले, हा ऐन, हा धावडा. मग माझ्या लक्षात आलं की मी मघापासून त्यांच्या पायाकडे पाहिलंच नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दादा ओट्यावर वाट पाहत होता. मामा हात-पाय धुवायला मोरीवर गेले. दादाने मला बाजूला घेतलं नाही, तिथेच, सगळ्यांदेखत विचारलं. बहुधा त्यालाही हे असं विचारणं आवडत नव्हतं आणि एकदाचं संपवायचं होतं.

मी वाक्य घाटातच जुळवून ठेवलं होतं. "मामांनी प्रत्येक वेळी पाय वेळेवर ठेवला," मी म्हणाले. "मी पाहिलं. गाडीनंच ऐकलं नाही."

"मंग काय झालं होतं गाडीले?"

मी मोरीकडे पाहिलं. सिलिंडर हा शब्द तोंडात आला होता आणि निघत नव्हता. पाण्याचा आवाज थांबला.

"तूप गेलं होतं ड्रमात," मामा तिथूनच म्हणाले. "मीनच टाकलं. पोळ्याले खांद शेकली इची. या पोरीले खोटं बोलाले लावू नये म्हटलं आता."

मामी दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तरी म्हटलं, वाटी कुठं गेली." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दादा मोबाईलचा दिवा लावून गाडीखाली शिरला, दोन्ही बुचं बोटाने दाबून पाहिली, आणि मग पाठीवर तसाच पडून राहिला. त्याचे फक्त पाय दिसत होते. थोड्या वेळाने गाडीखालून आवाज आला.

"बाबा, मले काऊन नाई उठवलं?"

"तू हसला असता."

"हसलो असतो," दादा म्हणाला. "पण वाटी धरली असती."

जेवताना दादा कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलत होता आणि मामा भात पुन्हा मागत होते.

मी निघाले तो दिवस रविवारचा होता. गाडी बघायला यायचं गिऱ्हाईक दादाने परत फिरवलं होतं. मला वांकिडीच्या थांब्यावर सोडायला मामांनी पिकअपच काढली. दादा दुकानाकडे निघाला होता, त्याने माझी बॅग सीटवर ठेवली, मला पुन्हा ये म्हणाला आणि मोटरसायकल सुरू करून उलट दिशेला गेला. बस येईपर्यंत मामा माझ्याजवळ उभे राहिले. बस सुटली तेव्हा मागच्या काचेतून पिकअप वळताना दिसली. मामांच्या शेजारची सीट रिकामी होती, आणि गाडी उतारावरून गावाकडे निघाली होती.